अर्ध्या आण्याची साक्ष

दिवाळीच्या आधीची झाडझूड हा आमच्या घरातला इतिहाससंशोधनाचाच एक प्रकार आहे. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, त्यांतून नको असलेल्या वस्तू बाहेर निघतात आणि थोडा वेळ उन्हात बसून पुन्हा त्याच पेट्यांत जातात. गेल्या वर्षी मात्र एक वस्तू परत गेली नाही. ती म्हणजे काकांचा पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम.

काका अकोल्याला असत आणि आम्ही अमरावतीला. त्यांच्या पश्चात आल्बम आमच्याकडे आला आणि माळ्यावर विसरला गेला. उघडून पाहतो तो कडांना कसर लागलेली, काही पानांवर तपकिरी ठिपके पडलेले आणि वऱ्हाडातल्या किती तरी पावसाळ्यांची ओल पिऊन दोनचार तिकिटे पानालाच चिकटून बसलेली. तिकिटे सगळी मिळून अकराशेच्या आसपास. हक्क सांगणारी चुलत-सख्खी भावंडे चार. तेव्हा ठरले असे की, वाटणी करायची ती करू, पण आधी प्रत्येक तिकिटाचे चांगले, मोठे, स्पष्ट डिजिटल चित्र करून ठेवू. म्हणजे आल्बम चार घरी गेला तरी चित्रांच्या रूपाने एकत्र राहील. हे काम घरातला रिकामा माणूस म्हणून माझ्याकडे आले. हे काम एका तिकिटापाशी किती दिवस अडून बसणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

ते तिकीट अर्ध्या आण्याचे, हिरवे, व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचे. त्याखाली काकांच्या रेखीव अक्षरात लिहिले होते : ‘अकोला, १९००.’ ते पाहिले आणि साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची एक चोरी मला आठवली.

१९६० सालची दिवाळीची सुटी. मी दहा वर्षांचा. काकांनी मला तिकिटांचा नाद लावला होता, आणि आजीच्या पेटीत आजोबांचे एक जुने पत्र आहे हे मला ठाऊक होते. आजीने मोठ्या विश्वासाने पाकीट माझ्या हाती दिले. मी ते ताटलीत पाण्यात भिजवले, तिकीट अलगद सोडवले आणि उरलेले पाकीट चुलीत टाकले. त्या काळी आम्ही मुले असेच करीत असू. पाकिटावर पत्ता असतो, मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का असतो, आणि तिकिटापेक्षा हे सगळे अधिक बोलके असते, हे कळण्याचे ते वय नव्हते. आतले पत्र मोडीत होते. त्याचा वरचा भाग, जिथे तिथी आणि मुक्काम लिहायचा, तो वाळवीने केव्हाच खाल्ला होता. म्हणजे आजोबांनी ते पत्र कोठून लिहिले याचा एकमेव पुरावा त्या पाकिटावर होता, आणि तो मी जाळला होता. उरले काय, तर तिकिटावर पडलेला शिक्क्याचा एक तुकडा.

त्या पुराव्याची घरात गरज का होती, तेही सांगायला हवे. १८९९-१९०० चा दुष्काळ मोठा भयंकर. गुजरात-राजस्थानात त्याला ‘छपनिया’ म्हणतात. वऱ्हाडालाही त्याने सोडले नाही. आजोबा तेव्हा सरकी काढण्याच्या कारखान्यात कारकून होते आणि आजी पंधरा वर्षांची, अमरावतीला सासरी. आजी सांगे की, आजोबा अकोटला होते, आणि घरची चूल बंद पडायची वेळ आली तेव्हा ते कमरेला पैसे बांधून तीन दिवस चालत घरी आले. बाबा आणि काका दोघेही यावर हसत. त्यांचे म्हणणे, आजोबा अकोल्याला होते. कारखाने तिथे, रेल्वे तिथे. आणि अकोल्याहून बडनेऱ्याला आगगाडी असताना माणूस चालत कशाला येईल? म्हातारीला अकोला म्हणायचे असते, तोंडात अकोट येते, आणि मग गोष्ट रंगवायला ती पायपीट जोडते, असा सगळ्यांचा निवाडा होता. आजी रागावे. म्हणे, “तुहे आबाजी अकोटले होते रे बाप्पा, अकोल्याले नाई. मी का खोटं बोलू राह्यली?” तिला अक्षर वाचता येत नव्हते, म्हणून तिच्या शब्दाला वजन नव्हते. १९६८ साली ती गेली. तोवर काकांनी भिंगातून शिक्का पाहून आल्बमात ‘अकोला’ लिहून टाकले होते, आणि वाद मिटला असे सर्वांनी धरले होते.

आता वाचकांना वाटेल, तिकिटाच्या एका तुकड्यावरून असे काय ठरणार? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. सिंधमध्ये त्याच्या आदल्याच वर्षी बार्टल फ्रियरने ‘सिंध डाक’ नावाची तिकिटे काढली होती. आशियातली ती पहिली तिकिटे. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच तिकीट सुरू झाले आणि अर्ध्या आण्यात पत्र कोठल्याही कोपऱ्यात जाऊ लागले. निजामाच्या राज्यात १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघाली. पण वऱ्हाडचा टपालाचा कारभार इंग्रजांचा असल्याने आमच्याकडे राणीचाच मुखवटा चालला. मग अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात आमचा कापूस ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. ते अमरावतीचेच मोडके नाव. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. कापसामागोमाग दलाल आले, दलालांमागोमाग पत्रे आली आणि पत्रांमागोमाग डाकघरांचे शिक्के आले. म्हणून वऱ्हाडचे जुने तिकीट पाहताना राणीपेक्षा तिच्या गालावर बसलेला काळा शिक्का महत्त्वाचा. राणी सगळीकडे तीच; गावाचे नाव फक्त शिक्का सांगतो.

तिकिटातल्या बारीक खुणांवरून इतिहास वाचण्याची विद्या नवी नाही. १८५४ ची अर्धा, एक आणि चार आण्यांची तिकिटे कलकत्त्याच्या सर्वेक्षण खात्यात कॅप्टन थुलियरच्या देखरेखीखाली शिळाछापाने छापली गेली. अर्ध्या आण्याचे तिकीट आधी शेंदरी शाईत छापले होते. ती विलायती शाई संपली, गावठी शाईने शिळा बिघडू लागल्या, आणि मग तिकीट निळे झाले. दर चित्र शिळेवर हातांनी उतरवलेले, त्यामुळे कोठे रेघ तुटलेली, कोठे हनुवटी बारीक. चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत, दोनदा छापायचे. त्यात काहींवर राणीचे डोके चक्क उलटे पडले. या फरकांचा अभ्यास करून मार्टिन आणि स्मिथिज या दोघांनी चार आण्यांच्या या एकाच तिकिटावर १९३० साली अख्खे पुस्तक लिहिले. मुंबईच्या जाल कूपरांनी जुन्या हिंदी शिक्क्यांवर लिहिले. त्यांच्या हाती भिंग होते आणि छायाचित्र होते. आज त्यांच्या जागी संगणकाला समजणारे चित्र आले आहे, पण काम तेच आहे.

या नव्या चित्राचा जन्मही एका घरगुती प्रसंगातच झाला, हे वाचून गृहिणींना बरे वाटेल. १९५७ साली अमेरिकेच्या मानक संस्थेत रसेल कर्श या इंजिनियरने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्रावर लावले आणि त्याचे ठिपके करून संगणकात घातले. जगातले ते पहिले डिजिटल चित्र. पाच सेंटिमीटरच्या चौकोनात १७६ आडवे आणि १७६ उभे ठिपके. म्हणजे एका मिलिमीटरला साडेतीन ठिपके. आजोबांचे तिकीट सुमारे १९ मिलिमीटर रुंद. त्या यंत्रावर त्याच्या रुंदीत ६७ ठिपके बसले असते. राणी ओळखू आली असती, गाव ओळखू आले नसते. पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी ‘सी.सी.डी.’ नावाचा प्रकाश मोजणारा तुकडा शोधला. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो तुकडा आज टेबलावरच्या स्कॅनरमध्येही बसतो.

आता माझी यंत्रपरीक्षा ऐका. पहिला मान अर्थातच पुतण्याच्या मोबाइलचा. त्याने खिडकीशी तिकीट धरले आणि क्षणात चित्र हजर केले. “काका, बघा कसं झकास!” चित्र खरोखरच झकास होते. राणीचा हिरवा रंग मूळ तिकिटापेक्षा ताजा, कडा मूळ कडांपेक्षा तीक्ष्ण. माझ्या मनात पाल चुकचुकली ती त्यामुळेच. तेच तिकीट आम्ही पाच वेळा टिपले. शिक्क्यातली एक रेघ तीनदा दिसली, दोनदा नाहीशी झाली. हे यंत्र दिसेल तेवढे सांगून थांबत नाही, जे दिसले नाही ते स्वतःच्या अंदाजाने भरते. शिवाय जवळून धरले की चौकोन किंचित फुगतो. लग्नाच्या फोटोला हे गुण म्हणावेत. साक्षीदाराला हे दोष आहेत.

दुसरे यंत्र कचेऱ्यांतून असते तसले, छापणारे, नकला काढणारे आणि स्कॅनही करणारे. त्यात ‘सी.आय.एस.’ जातीची पट्टी असते. ती काचेला अगदी लगटून धावते, म्हणून काचेला चिकटलेला कागद छान उतरतो. पण कागद एखाद-दीड मिलिमीटर वर उचललेला असला की चित्र अंधुक होते. जुनी तिकिटे हातावरच्या पापडासारखी वळलेली, काही पारदर्शक खिशांत ठेवलेली. तिथे या पट्टीचे चालेना. त्यातून यंत्राने चित्र आपोआप ‘सुधारून’ दिले आणि ‘जेपेग’ पद्धतीने दाबून साठवले. ही पद्धत चित्राचे आठ-बाय-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळते. त्या चित्रात काकांचे ‘अकोला’ मला अगदी स्पष्ट दिसले, आणि मी जवळजवळ काम संपवले.

मग अकोल्याच्या एका स्नेह्यांनी बोलावले. त्यांचा जुना फोटो स्टुडिओ. त्यांच्याकडे दोन साधने होती. एक म्हणजे एन्लार्जरचा जुना खांब, त्याला उलटा बसवलेला कॅमेरा आणि त्यावर जवळचे टिपणारे मॅक्रो भिंग. चांगल्या कॅमेऱ्याचे २४ बाय ३६ मिलिमीटरचे पटल असले आणि त्यात सहा हजार बाय चार हजार ठिपके असले, तर भिंग मूळ मापाला लावून एका मिलिमीटरला १६६ ठिपके मिळतात. स्कॅनर सहसा एवढे खरेपणाने देत नाही. पण कॅमेरा तिकिटाशी तंतोतंत समांतर हवा. त्याची त्यांनी मला एक युक्ती दाखवली : तिकिटाच्या जागी आरसा ठेवायचा, आणि भिंगाला स्वतःचेच प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत खांब हलवायचा. दोन्ही अंगांनी पंचेचाळीस अंशांत दोन सारखे दिवे. एक दिवा विझवून दुसरा अगदी आडवा केला की कागदाचे खळगे, घड्या, छपाईचा उठाव सावल्यांनी बोलू लागतो. एकेका दुर्मिळ तिकिटाला हे साधन उत्तम. अकराशे तिकिटांना मात्र ते खर्चाला नि वेळेला भारी.

दुसरे साधन सी.सी.डी. जातीचा सपाट स्कॅनर. बाजारात एप्सनचा व्ही-६०० हा या जातीचा, तर कॅननची लाइड मालिका सी.आय.एस. जातीची; घेणाऱ्याने खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा ही जात आधी पाहावी. यात आरसे आणि भिंग असल्याने वळलेले तिकीटही दोनचार मिलिमीटर खोलीपर्यंत बरे दिसते, आणि चौकोन चौकोनच राहतो. मोठ्या आकड्यांतही दोन प्रकार : यंत्राने खरोखर पाहिलेले ठिपके आणि मधल्या जागी पदरचे घातलेले. आपल्याला पहिलेच हवेत.

आम्ही इंचाला बाराशे ठिपके ठरवले. त्यात आजोबांचे तिकीट सुमारे ९०० बाय १०४० ठिपक्यांचे झाले. इंचाला तीनशे घेतले असते तर शिक्क्यातल्या पाव मिलिमीटर जाड रेघेला तीनच ठिपके आले असते. बाराशेला बारा येतात. तीन ठिपक्यांत रेघ आणि डाग यांत फरक करता येत नाही, बारांत येतो. ‘सुधारणा’ करणारी सगळी बटणे बंद केली. तिकिटामागे काळा पुठ्ठा ठेवला, म्हणजे दातेरी कडा स्पष्ट उठतात. स्कॅनरच्या पांढऱ्या झाकणावर त्या विरून जातात. चित्र ‘टिफ’ पद्धतीने, काहीही न गाळता साठवले. एकेका तिकिटाला तीन मेगाबाइटच्या आतच जागा लागली. एवढ्या जागेचा लोभ कोणी करू नये.

आणि मग स्नेह्यांनी एक साधी गोष्ट केली. असे चित्र तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचे असते. त्यांनी तांबडा आणि निळा थर झाकला आणि फक्त हिरवा ठेवला. हिरवी शाई हिरव्या उजेडात कागदासारखीच फिकी दिसते. काळी शाई काळीच राहते. आमच्या डोळ्यांदेखत राणी विरघळू लागली. मुकुट गेला, केस गेले, मागच्या रेघा गेल्या, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा डाकबाबूने हाणलेला शिक्का एकटा उभा राहिला.

वर्षाचे दोन शून्य दिसत होते. वर कमानीत इंग्रजी ‘के’चा अर्धा भाग, पूर्ण ‘ओ’, आणि पुढे एक उभी रेघ. इथपर्यंत काकांनाही दिसले होते. अकोल्याच्या हिज्जांत ‘ओ’नंतर ‘एल’ येतो, अकोटच्या हिज्जांत ‘टी’. दोन्ही अक्षरांत उभी रेघ. ‘एल’ला पाय असतो, ‘टी’ला डोके. राणीच्या मुकुटाच्या रेघांत जे डोके बुडाले होते ते आता वर आले होते. पाय कोठेच नव्हता.

तरी मी हट्टाने म्हटले, डाग असेल. तेव्हा शाळेतली भूमिती कामाला आली. वर्तुळाच्या कडेवरचे तीन बिंदू घेऊन मध्य काढला. तारखेच्या आडव्या ओळीवर मध्यातून लंब उभा केला. पाच अक्षरी अकोल्यात ‘ओ’ तिसरा, म्हणून तो कमानीच्या माथ्यावर, त्या लंबावर बसायला हवा. काकांच्याच आल्बमातल्या अकोल्याच्या दुसऱ्या स्पष्ट शिक्क्यावर तो तसा बसलाही. आजोबांच्या तिकिटावर लंब ‘के’ आणि ‘ओ’ यांच्या बरोबर मधून गेला. नाव चार अक्षरी होते. मोबाइलच्या फुगलेल्या चौकोनावर ही भूमिती करता आली नसती.

आजोबा अकोटलाच होते.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर यापुढे थांबले पाहिजे. शिक्का पायपिटीची साक्ष देत नाही. तो एवढेच सांगतो की, १९०० साली त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावातून पत्र टाकले, आणि त्या गावाला तेव्हा आगगाडी नव्हती. पण ‘गाडी असताना चालेल कशाला’ हा ज्या एका प्रश्नावर आजीची गोष्ट आम्ही खोटी ठरवली होती, तो प्रश्नच आता उरला नाही. बाकीचे मी तिच्या शब्दावर मानतो. ज्या साक्षीदाराचे एक म्हणणे साठ वर्षांनी खरे निघाले, त्याचे दुसरे म्हणणे मानायला हरकत नसावी.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा मी विचार करीत होतो की, यंत्र निवडताना मी नेमके काय शोधत होतो. जास्त ठिपके? जास्त झळाळी? मला हवा होता असा साक्षीदार, जो पाहिले तेवढे सांगेल, पदरचे काही घालणार नाही, आणि अवघड वाटले म्हणून काही गाळणार नाही. असा एक साक्षीदार आमच्या घरात कित्येक वर्षे बसून होता. पान लावता लावता तो एकच वाक्य सांगत होता, आणि त्याला लिहिता-वाचता येत नाही म्हणून आम्ही त्याच्यावर हसत होतो.

या दिवाळीत तुमच्या घरीही पेट्या खाली येतील. जुनी पाकिटे निघाली तर तिकिटे सोडवू नका. पाकीट आहे तसे दोन्ही बाजूंनी टिपून ठेवा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर फराळाचे ताट पुढे करून, ते पाकीट कोणाचे, कोठून आले, हे आधी त्यांनाच विचारा.

आल्बमाची वाटणी भाऊबीजेला झाली. ते हिरवे तिकीट माझ्या वाट्याला आले. काकांचे अक्षर मी खोडले नाही. त्याखाली, दुसऱ्या शाईने, एवढेच लिहिले : ‘अकोट. आजी म्हणत होती तेच.’